नुसतं ‘हो’ लिहू नकोस

केडगाव, नगर
९ नोव्हेंबर १९९८

श्री. वैजनाथ ढाकणे यांस,

जयभीम.

पत्राच्या सुरुवातीला ‘सप्रेम’ लिहायची पद्धत आहे. ती मी पाळलेली नाही. विसरले असं समजू नका.

तुमच्या संस्थेनं आमच्या दूध संघाला संगणक बोलका करणारा प्रोग्राम पाठवला. पाकिटात एक ब्रेल चिठ्ठी निघाली. ‘अडचण आल्यास या पत्त्यावर लिहावे’, आणि खाली तुमचं नाव. दुसऱ्या कुणाचं असतं तर बरं झालं असतं. पण मुंबईत अंधांना संगणक शिकवणारे अंध मास्तर काही पोत्यानं मिळत नसावेत. तेव्हा कामापुरतं लिहिते.

मी अजून संघाच्या टेलिफोन बोर्डावरच आहे. जानेवारीत हा बोर्ड निघणार आणि आपोआप फोन जोडणारं यंत्र बसणार. यंत्राला खुर्ची लागत नाही, म्हणून माझीही खुर्ची जायची होती. मी आमचे मॅनेजर तांबे साहेब यांना जाऊन सांगितलं, गावोगावच्या सोसायट्यांचं दूध संगणकावर चढवायचं काम मला द्या. साहेब हसले नाहीत, हे त्यांच्या मानानं पुष्कळ झालं. म्हणाले, “जयमालाबाई, डिसेंबरच्या मीटिंगमध्ये संचालकांसमोर करून दाखवा. जमलं तर खुर्ची तुमची. नाही जमलं तर मला बोल लावू नका.” म्हणजे प्रश्न माझ्या खुर्चीचा आहे. डोळे नसलेल्या बाईला नगरमध्ये दुसरी खुर्ची कोण काढून देणार?

बोलका प्रोग्राम झकास चालला. नाकात बोलणारा अमेरिकन साहेब आहे. आम्ही त्याला साहेबच म्हणतो. इंग्रजी अक्षरांत लिहिलेल्या ‘दूध संघ’ला तो ‘डड सँग’ म्हणतो आणि पारनेरला पार्टनर करून टाकतो. शेजारच्या टेबलावरचा कारकून सहादेव पहिल्या दिवशी इतका हसला, की चहा पावत्यांवर सांडला.

अडचण पुढे आहे. दुधाच्या हिशेबाचा प्रोग्राम पुण्याच्या एका कंपनीनं फ्लॉप्यांवर दिलाय. फ्लॉपी घातली, सेटअप सुरू केला. साहेब टक्के मोजायला लागला आणि बाहत्तरवर येऊन गप्प झाला. सहादेवला विचारलं, स्क्रीनवर काय आहे? “काय न्हाई बाई. समदं निळं निळं हाय. मदी एक पट्टी हाय, ती थांबलीया.” चहा झाला, जेवण झालं, पट्टी हलली नाही. बंद करून पुन्हा केलं, तर पुन्हा बाहत्तर. कंपनीच्या माणसाला फोन लावला, तर तो म्हणतो, तुमचा तो बोलणारा प्रोग्राम आधी काढून टाका, त्याचीच आडकाठी आहे. तो काढला तर संगणक चालेल, मी चालणार नाही.

तेव्हा साहेबाला घरात ठेवून हे काम पुढे कसं न्यायचं ते कळवा. ब्रेलमध्येच लिहा. ऑफिसात दुसऱ्या कुणाला ते वाचता येत नाही, हा त्यातला मोठा फायदा. फोन मात्र करू नका. बोर्डावर मीच असते हे तुम्हाला माहीत आहे, आणि फोनवर आपण एकदा बोललो तेवढं पुरे झालं.

जयमाला साळवे


दूध संघ, नगर
२० नोव्हेंबर १९९८

श्री. वैजनाथ यांस,

पत्र मिळालं. सगळं कामाचं लिहिलंत. ‘आपली प्रकृती ठीक असेल’ एवढं एक वाक्य बिनकामाचं होतं. ठीक आहे माझी प्रकृती. वजनही वाढलंय.

पण ‘आपली’ काय? अंधशाळेत पाचवीपासून एका बाकावर बसून माझ्या डब्यातली भाकरी खाल्लेला माणूस मला ‘आपण’ लिहितो! सुरुवात मी केली हे मान्य. पण मी रागावलेली आहे. तुम्हाला रागवायचं काय कारण?

असो. काम.

तुम्ही लिहिलंत, की सेटअप अडकलेला नसतो, तो वाट बघत असतो. त्यानं काहीतरी विचारलेलं असतं, पण प्रश्नाची चौकट त्या निळ्या खिडकीच्या पाठीमागे उघडलेली असते. साहेब पुढच्या खिडकीतलं तेवढंच वाचतो, त्यामुळे त्याला प्रश्न ठाऊकच नसतो. ऑल्ट दाबून धरा, एस्केप दाबत जा आणि कान उघडे ठेवा.

आज सकाळी फ्लॉप्या पुन्हा घातल्या. बाहत्तर आले, साहेब गप्प झाला. ऑल्ट धरून एस्केप दाबला. काही नाही. पुन्हा दाबला, आणि साहेब धडाधडा बोलायलाच लागला! मराठीत सांगायचं तर, “आणत असलेली फाइल तुमच्याकडच्या फाइलीपेक्षा जुनी आहे. तुमची आहे तीच ठेवलेली बरी. ठेवायची का?” खाली दोन बटणं, हो आणि नाही.

सहादेव खुर्चीतून उठला. “आयला! ही चौकट कुठं हुती?”

“मागे होती.”

“मला कशी दिसली न्हाई?”

“मलाही नाही दिसली, सहादेव.”

मला इतका आनंद झाला, की तुम्ही समोर असता तर पाठीत धपाटा घातला असता. डोळे असून त्याला दिसेना आणि डोळे नसून मला सापडली, असं नाही हां. डोळसांनाही न दिसणारं काही असतं आणि ते कीबोर्डवरून हुडकता येतं, एवढंच. पण एवढंच पुष्कळ आहे. कंपनीच्या माणसाला मी मुद्दाम फोन लावून सांगितलं. त्याला ते आवडलं नाही, म्हणून मला आणखी आवडलं.

हे दुपारच्या सुट्टीत लिहितेय. चौकट उघडीच ठेवलीय. जेवण झालं की ‘हो’ दाबायचं आणि काम फत्ते. घाई नाही. सेटअपला वाट बघायला काय होतंय?

वाट बघण्याचं मला कुणी शिकवू नये. केडगावच्या थांब्यावर मी पाथर्डी-मुंबई गाडीची वाट बघितलेली आहे. पिशवी भरून, राजीनामा देऊन, आईला सोबत घेऊन. गाडी आली, थांबली आणि गेली. तुम्ही उतरला नाहीत. उतरून घेऊन जाणार होतात. आई मला घरी नेताना सबंध रस्ता एक शब्द बोलली नाही, आणि माझी आई भामाबाई कधी गप्प बसते का हे तुम्ही माझ्याकडून ऐकलेलं आहे. दुसऱ्या दिवशी मी राजीनामा परत मागितला. तांबे साहेबांनी तो पुढे पाठवलाच नव्हता.

हे लिहायचं नव्हतं. ठिपके दाबून बुजवले असते, पण बुजवलेले ठिपकेही तुमच्या बोटांना लागतात हे मला ठाऊक आहे. तेव्हा राहू दे. जेवायला जाते.

जयमाला


केडगाव
२१ नोव्हेंबर १९९८

वैजनाथ,

साहेब मेला.

कालचं पत्र सहादेवनं पेटीत टाकलं, नाहीतर फाडून टाकलं असतं. त्यात केवढी मिरवले होते! आता ऐक.

जेवून आले. चौकट पुढेच होती. ‘हो’ दाबणार तेवढ्यात बोर्ड वाजला. नेवाशाच्या शीतकेंद्राचा फोन. दुधाचा टँकर रस्त्यात बंद पडलेला, तिकडचा माणूस ओरडतोय, इकडे गाड्या बघणारा माणूस जागेवर नाही. मी इअरफोन लावून बोर्डाकडे वळले. सहादेव संगणकापाशी उभा. त्यानं मदत म्हणून विचारलं, “बाई, आपल्यातली नवी फाइल काढायची न्हाई ना?”

मी म्हणाले, “हो.”

म्हणजे हो, काढायची नाही. हे तुला कळलं, मला कळलं. सहादेवला कळलं, हो, काढायची. त्यानं ‘नाही’वर नेऊन एंटर मारला.

जुनी फाइल नव्या फाइलीच्या डोक्यावर जाऊन बसली. टक्के सरसर वाढून शंभर झाले, सहादेवनं टाळ्या वाजवल्या. मग संगणक बंद करून चालू केला. साहेब मुका. नुसता पंख्याचा आवाज. त्याचा घसा त्याच फाइलीत होता की काय, देव जाणे. मी देव मानत नाही, म्हणून तूच जाणून घे आणि कळव.

मी सहादेववर तुटून पडले. तोही ऐकणारा नाही.

“तुमीच व्हय म्हन्लात की!”

“हो म्हणजे काढायची नाही!”

“मंग न्हाई म्हनायचं. व्हय कशाला म्हन्लात?”

“तू विचारलंस, काढायची नाही ना? त्याला हो!”

“आन् मला वाटलं, व्हय, काढायची. आता ह्यात माजं काय चुकलं सांगा.”

तांबे साहेब केबिनमधून आले, दोघांचं ऐकलं, दोघंही बरोबर आहात म्हणाले आणि परत आत गेले. जाताना दारातून म्हणाले, “मीटिंग बारा तारखेला आहे, जयमालाबाई. तोवर बोलायला लागला नाही, तर पुण्याच्या माणसाचं ऐकावं लागेल.” पुण्याच्या माणसाचं ऐकणं म्हणजे काय ते सांगायला नको. ती खुर्ची माझी राहत नाही.

संध्याकाळी टेम्पोनं केडगावला परत येत होते. डोक्यात सहादेवच भांडत होता. व्हय कशाला म्हन्लात, व्हय कशाला म्हन्लात. रेल्वे उड्डाणपुलाच्या चढावर टेम्पो हळू झाला, आणि मी मोठ्यानं “अगं बाई!” म्हणाले. शेजारच्या बाईंना वाटलं माझं पाकीट मारलं.

वैजनाथ, तुला आपला तो फोन आठवतो?

सत्याण्णवचा मार्च. तू पाथर्डीच्या बूथवरून बोलत होतास. तुझे आईबाप तेव्हाच ऊसतोडीवरून परत आलेले. तू मुंबईची नोकरी धरलेली, दुसऱ्या दिवशी निघणार होतास, आणि केडगावला उतरून मला घेऊन जायचं आपलं ठरलेलं. माझ्या बोर्डावर तीन-तीन लाइनी कोकलत होत्या. तुझ्या मागे कुणीतरी भांडत होतं. तू म्हणालास, “जया, तू येणार नाहीस ना?”

मी म्हणाले, “हो.”

आणि लाइन कटली.

मी ‘हो, येणार’ म्हणाले, वैजनाथ. येणार! पिशवी भरलेली होती. तुझ्या ‘नाहीस ना’कडे माझं लक्षच नव्हतं. मला वाटलं, तू घाबरून विचारतोयस, तर याला ठणकावून सांगावं. म्हणून ठणकावून ‘हो’ म्हणाले. एवढं ठणकावून, की पलीकडच्या टेबलावर माना वळल्या असतील.

तू काय ऐकलंस?

माझ्या मते चूक प्रश्नाची आहे. माणसानं ‘येणार का’ असं विचारावं. ‘येणार नाहीस ना’ हा काय प्रश्न झाला? त्याला ‘हो’ म्हटलं तरी पंचाईत, ‘नाही’ म्हटलं तरी पंचाईत. पण ते भांडण नंतर. अंधांची ब्रेल पत्रं पोस्टात फुकट जातात, तेव्हा भांडायला आपल्याला काही कमी नाही.

आधी तू काय ऐकलंस ते लिही. आणि मुक्या साहेबाला बोलतं कसं करायचं तेही लिही. कोणतं आधी लिहायचं ते तुझं तू ठरव, पण साहेबाचं विसरू नकोस.

जया


केडगाव
४ डिसेंबर १९९८

वैजनाथ,

तुझं पाकीट आलं. आत पत्र आणि पुठ्ठ्यांत बांधलेली फ्लॉपी. पोस्टमननं विचारलं, “काय खोबऱ्याच्या वड्या आल्यात का?” त्याहून बरं आहे म्हटलं.

तू आधी फोनचं लिहिलंस. साहेबाचं नंतर. हे मी लक्षात ठेवीन.

तू ऐकलंस, ‘हो, नाही येणार.’ ठीक. इथवर मी टेम्पोतच येऊन पोचले होते. पण पुढचं तू लिहिलंस ते वाचताना बोट जागीच थांबलं. त्या गाडीत तू होतास. केडगावला गाडी थांबली तेव्हा तू दाराजवळच्या खिडकीशी होतास, आणि उतरावं की न उतरावं असं करत हात दांडीवर ठेवून बसलास. बाहेर एक बाई म्हणाली, “सरक जरा, पिशवी लागतीया त्यांना.” एवढंच ऐकू आलं आणि गाडी निघाली.

ती आई होती, वैजनाथ. माझी आई. पिशवी माझी होती.

आईनं तुला कधी पाहिलं नव्हतं, नाहीतर तिनं तुला कॉलर धरून उतरवला असता. मी हाक मारली नाही, कारण तू उतरून मारशील अशी माझी खात्री. तू मारली नाहीस, कारण मी तिथे नाहीच अशी तुझी खात्री. मध्ये एसटीचा एक पत्रा.

मी रडले. खूप रडले, लपवत नाही. आईनं विचारलं काय झालं, तर तिला सगळं वाचून दाखवलं. ती म्हणाली, “मला मेलीला काय म्हाईत, त्यात त्यो बसलाय. मी पिशवीचंच बगत हुते.” मग तीही रडली. मग म्हणाली, “त्या पोरानं आवाज तरी काढायचा ना.” आता तिचा तुझ्यावरचा राग निम्मा उतरलाय. निम्मा आहे.

आता साहेब.

तू लिहिलंस तसं केलं. संगणक चालू होताना एफ-आठ दाबत राहिले आणि काळ्या पडद्यावर गेले, तिथे खिडक्या नसतात म्हणे. साहेब मुका असल्यामुळे आपण कुठे आहोत ते सांगणारं कुणी नाही. सहादेवला म्हटलं, तू फक्त वाच, कशालाही हात लावू नकोस आणि मला काही विचारू नकोस. त्यानं हात पाठीमागे बांधले. खरंच बांधले, मला मनगटावरच्या घड्याळाचा पट्टा खुर्चीला लागल्याचा आवाज आला.

तुझी फ्लॉपी घातली. तू दिलेली ओळ एकेक अक्षर टाइप केली. एंटर दाबला आणि फ्लॉपी कुरकुरायला लागली. तो आवाज मला कधी एवढा गोड लागला नव्हता. मग थांबली. सहादेव म्हणाला, “इचारतंय, हाय त्याच्यावर लिहू का?” यात ‘नाही ना’ नव्हतं. मी ‘येस’चा वाय दाबला. पुन्हा कुरकुर. पुन्हा शांत.

बंद केला. चालू केला. पंखा फिरला. मी हात मांडीवर ठेवून बसले. आणि साहेब नाकातून बोलला.

“बोल्ला! बोल्ला!” सहादेव असा ओरडला, की दूध तपासणारे लोक खालून वर आले.

तरी मी दुधाचा प्रोग्राम तसाच ठेवला नाही. काढला आणि पहिल्यापासून पुन्हा घातला. बाहत्तरला ऑल्ट-एस्केप. चौकट पुढे आली. साहेबाला प्रश्न शेवटपर्यंत बोलू दिला आणि ‘हो’ स्वतःच्या बोटानं दाबलं. बोर्ड वाजत होता, वाजू दिला. सगळं नीट बसलं.

आता ऑफिसात माझा नियम झालाय, ‘नाही ना’ असं विचारायचं नाही. सहादेव सकाळी विचारतो, “बाई, चहा घेनार का न घेनार?” लोक त्याला हसतात. त्याला पर्वा नाही.

मीटिंग पुढच्या शनिवारी आहे. मला भीती वाटत नाही. थोडी वाटते, पण ती पोटात आहे, बोटांत नाही.

जया


केडगाव
१३ डिसेंबर १९९८

वैजनाथ,

खुर्ची राहिली!

थांब, मिरवू दे नीट.

काल संचालक मंडळ बसलं. मला संगणकासह मीटिंगच्या खोलीत नेलं. चेअरमन म्हणाले, “बाई, राळेगणसिद्धीचं कालचं सकाळचं दूध काढा.” मी गावाचं नाव टाकलं, एंटर दाबला. साहेबानं नाकातून ‘रेलिगन सिडी’ म्हटलं आणि लिटर, फॅट, सगळं म्हणून दाखवलं. मी ते मराठीत सांगितलं. चेअरमनच्या हातात कागद होता, त्यांनी जुळवून बघितलं. “बरुबर हाय.” मग दुसरं गाव, तिसरं गाव. एका संचालकाचं गाव आलं तेव्हा साहेबानं त्याचा उच्चार असा काही केला, की ते म्हणाले, “ह्यो आमच्या गावाला शिवी देतोय का?” सगळी खोली हसली. मीही हसले. पण बोटं थांबवली नाहीत.

मग एकानं अवघड काम काढलं. चुकीचा आकडा टाकायला लावला आणि म्हणाला, आता दुरुस्त करा. आकडा पुसायच्या आधी प्रोग्राम विचारतो, पुसू का? आणि वैजनाथ, ती चौकट पुन्हा पाठीमागेच उघडली! साहेब गप्प. तांबे साहेबांचा श्वास मला ऐकू आला. कुणीतरी हळूच म्हणालं, “बंद पडला वाटतं.”

“बंद पडलेला नाही,” मी म्हणाले, “मला काहीतरी विचारतोय.” ऑल्ट-एस्केप. साहेब बोलला. मी उत्तर दिलं. आकडा गेला.

चेअरमननी हातातला कागद टेबलावर टाकला. मग म्हणाले, “म्हंजे बाई, आता ह्या कामाला दुसऱ्या कुनाची गरज न्हाई ना?”

बघ. काय योगायोग. सहादेव दारात उभा होता, त्याचा खोकला मला ऐकू आला. तोंडातून ‘हो’ निघालंच होतं, तेवढ्यात आवरलं.

मी म्हणाले, “साहेब, हे काम मी करीन. एकटी करीन.”

“मंग करा,” चेअरमन म्हणाले.

झालं एवढंच. खुर्ची माझी. जानेवारीपासून बोर्ड जाणार आणि मी जाणार नाही. आईनं पुरणपोळी केली. सहादेवला बोलावलं होतं, तो खूप जेवला.

आता तुझं.

सत्याण्णवमध्ये मी नोकरी सोडून यायला निघाले होते. आता मी सोडणार नाही. खोटं कशाला बोलू? ही खुर्ची मी दोनदा मिळवलीय, दुसऱ्यांदा तर तुझ्या मदतीनं. तेव्हा मी मुंबईला येणार हा विषय संपला.

पण इथे नगरच्या सावेडीत अंध मुलामुलींसाठी संगणकाचा वर्ग निघतोय. दोन खोल्या मिळाल्यात, संगणक आलेत. शिकवायला माणूस नाही. मी त्यांना एक नाव सुचवलंय, न विचारता. रागवायचं असेल तर रागव.

माझ्या घरच्यांचं विचारशील, तर आईचा निम्मा राग उरलाय आणि बाबांचा कधी नव्हताच. तुझ्या घरी माझ्या ‘जयभीम’ला तुझे आईबाप, लंकाकाकू आणि पुंजारामकाका, काय म्हणतील, ते तू त्यांना विचार. तेही सरळ विचार. ‘तुम्हाला चालणार नाही ना’ असं विचारलंस, तर ते ‘व्हय’ म्हणतील आणि मग बस आयुष्यभर अर्थ लावत.

मी तुला सरळ विचारते. यात कुठे ‘नाही’ नाही, ‘ना’ नाही, मागे दुसरी चौकट नाही.

वैजनाथ, तू नगरला येशील का? कायमचा. माझ्यासाठी.

येत असशील तर ‘येतो’ लिही. येत नसशील तर ‘येत नाही’ लिही. मला दोन्ही पचतील. दुसरं जरा कमी पचेल. पण एक कर, नुसतं ‘हो’ लिहू नकोस.

जया


केडगाव
२७ डिसेंबर १९९८

वैजू,

पाकीट एवढं जाड आलं, की मला वाटलं आत कारणं असणार. संस्था सोडत नाही, घरचे ऐकत नाहीत, वगैरे. लगेच उघडलं नाही. आधी भाकरी खाल्ली, मग आईनं दोनदा विचारल्यावर उघडलं.

आत दोन पुठ्ठे. ठिपके दबू नयेत म्हणून घातलेले. पुठ्ठ्यांच्या मध्ये एकच कागद, आणि अख्ख्या कागदावर एकच शब्द.

‘हो.’

मूर्खा! नुसतं ‘हो’ लिहू नकोस म्हणून बजावलं होतं ना? मी तो शब्द कितीदा बोटाखालून घातला. पुढे काही आहे का म्हणून कागद कोपऱ्यापर्यंत चाचपला, उलटा करून चाचपला. मग आईला म्हटलं, हा बघ, याला काही शिकवून उपयोग नाही.

आई म्हणाली, “तू काय इचारलं हुतंस त्याला?”

“येशील का, असं विचारलं होतं.”

“मंग येनार की त्यो. त्यात काय कळाया न्हाई तुला?”

खरंच, त्यात न कळण्यासारखं काही नव्हतं. मीच प्रश्न सरळ केला होता. मी पुन्हा रडले, पण या वेळी भाकरी पोटात होती त्यामुळे बरं वाटलं.

वर्ग जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात सुरू होतोय. तू पहिल्या रविवारी सकाळच्या मुंबई-पाथर्डी गाडीनं नीघ. कंडक्टरला आधी सांगून ठेव, केडगावला उतरायचंय. दाराजवळच बस. आई सोबत असेल, आणि या वेळी ती पिशवीकडे बघणार नाही, असं तिनं स्वतःहून सांगितलंय. बाबा म्हणतात, तेही येतात. सहादेवलाही यायचंय. म्हणजे थांब्यावर गर्दी असेल, गलका असेल, आणि कोण कुठे उभं आहे ते आपल्या दोघांना कळायचं नाही.

म्हणून सांगते. गाडी थांबली, की मी हाक मारीन. मीच मारीन, आणि तू उतरेपर्यंत मारत राहीन. तू त्यावर हो म्हणू नकोस, नाही म्हणू नकोस.

तू फक्त ओ दे.

तुझी,
जया